बेचाळिसाव्या वर्षाची चढाई

हेमांगी तामोरे दारात उभी राहिली तेव्हा कृष्णकांत सावे साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी ताटली संपवत होते. त्या दिवशी संकष्टी होती, आणि उपासाला माणसाने एरवीपेक्षा दुप्पट खावे हा त्यांचा अनुभवाने सिद्ध झालेला नियम होता.

पालघरच्या माहीम रस्त्यावरच्या त्या खोलीवर ‘प्रेमला सावे, खाजगी चौकशी’ अशी पाटी होती. प्रेमलाबाई ही कृष्णकांतांची थोरली वहिनी. बावीस वर्षे पतपेढ्यांची दप्तरे तपासल्यावर त्यांच्या लक्षात आले होते, की आकडे सहसा खोटे बोलत नाहीत, ते मांडणारे बोलतात. मग त्यांनी दप्तरे सोडली आणि माणसे धरली. कृष्णकांत वीज केंद्रातून निवृत्त झालेले. गाडी त्यांची, पेट्रोल वहिनीचे आणि मते फुकट.

हेमांगीने पाणी नको म्हटले, बसली, आणि पिशवीतून एका चिठ्ठीची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली.

“माझ्या मालकानं ह्याच्यावर सही केली नाय,” ती म्हणाली. “पन सही त्याचीच हाय.”

“हे बरं आहे,” कृष्णकांत म्हणाले. “म्हणजे आमचं काम अर्धं झालं.”

प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. हेमांगीला त्यांनी पहिल्यापासून सांगायला लावले आणि मध्ये फक्त आकडे विचारले.

हकिगत अशी होती. हेमांगीचा नवरा धर्मेश हा मुरब्याचा, घरची बोट असलेला मच्छीमार आणि ‘तारापूर तांडेल’ या कबड्डी संघाचा पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू. जिल्ह्यातल्या सहा संघांची एक खाजगी लीग दोन वर्षांपासून चालते. कोणत्याही संघाने एका हंगामात खेळाडूंवर तीस लाखांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असा तिचा नियम. पण एखादा करार अनेक वर्षांचा असेल तर एकूण रकमेला वर्षांनी भागून जी सरासरी येईल, तीच त्या खेळाडूची वर्षाची रक्कम धरायची. जिथे सरासरी आली तिथे चलाखी आलीच.

संघाचे मालक भावेशशेठ यांचा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कारखाना. त्यांनी गेल्या नऊ ऑक्टोबरला धर्मेशशी चौदा हंगामांचा करार केला. पहिले तीन हंगाम बारा-बारा लाख. पुढचे तीन एकेक लाख. आणि शेवटचे आठ हंगाम साडेसदतीस हजार, साडेसदतीस हजार. सगळे मिळून बेचाळीस लाख, भागिले चौदा. म्हणजे धर्मेशच्या हातात बारा लाख आणि लीगच्या वहीत तीन.

“करार संपेल तेव्हा तो किती वर्षांचा असेल?” प्रेमलाबाईंनी विचारले.

“बेचाळीस.”

“बेचाळिसाव्या वर्षी चढाई,” कृष्णकांत म्हणाले. “मला त्या वयात जिना चढवत नव्हता.”

“तुमी समुद्रावर जात नाय, काका,” हेमांगी शांतपणे म्हणाली.

नेमकी हीच शंका ‘मनोर मावळे’ संघाच्या मालकांनी डिसेंबरात लीगकडे लेखी नोंदवली होती. शेवटची वर्षे केवळ सरासरी पाडण्यासाठी चिकटवली आहेत, धर्मेश तिसऱ्या हंगामानंतर घरी बसणार, असे त्यांचे म्हणणे. लीगचा नियम स्पष्ट होता. करार लांब असला तरी चालेल, पण लवकर निवृत्त होण्याचे गुपचूप ठरलेले आढळले तर करार रद्द. खेळाडूने घेतलेले सगळे पैसे मालकाला परत करायचे आणि दोन वर्षे बाहेर बसायचे. मालकाला दंड एक लाख. उलट मालकाने आपणहून करार मोडला, तर उरलेली सगळी रक्कम त्याने एकदम द्यायची.

इतके दिवस हा नुसता वाद होता. पण आदल्या दिवशी लीगच्या कार्यालयात बिननावाचे पाकीट आले, आणि त्यात ही चिठ्ठी होती. छापील मजकूर, तारीख दहा ऑक्टोबर, म्हणजे कराराच्या दुसऱ्या दिवसाची. ‘मी तिसऱ्या हंगामानंतर खेळ सोडेन, पुढील रक्कम मागणार नाही, हे आपणा दोघांत ठरले आहे.’ खाली धर्मेश तामोरेची सही.

सोमवारी सुनावणी होती.

“पैले बारा लाख बोटीच्या इंजिनात आनि जाळ्यात गेले,” हेमांगी म्हणाली. “परत द्यायचे तर बोट विकायला लागल. आनि दोन वर्सं बाहेर बसला तर तिसाव्या वर्साला त्याला कोन घेनार? खेल पन गेला आनि बोट पन.”

प्रेमलाबाई चिठ्ठी निरखत होत्या. मजकूर सहा ओळींचा, पण ओळींमध्ये ऐसपैस अंतर. सही पार खालच्या उजव्या कोपऱ्यात, आणि उतारावरून घरंगळल्यासारखी तिरकी.

“कागदाची उधळपट्टी केली आहे,” त्या म्हणाल्या, आणि फी पुढे बोलू असे सांगून हेमांगीला पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास दोघे सातपाटीच्या बंदरावर पोहोचले. पलीकडे मुरबे, मध्ये खाडी. होडीने दहा मिनिटांचे काम. मात्र होडी चिखलात बसली होती आणि होडीवाला तिच्या सावलीत विडी ओढत होता. खाडीच्या मधोमध पाण्याची एक बारीक पट्टी उरली होती. दोन्ही काठांच्या बोटी दुपारच्या म्हशींसारख्या कुशीवर कलंडल्या होत्या. एका बोटीच्या पोटाखालून कुत्रे चालत गेले.

कृष्णकांतांनी किनाऱ्यापासून सात मैलांवर आयुष्य काढले होते, पण समुद्राशी त्यांचा संबंध पापलेटाच्या ताटापुरता. गाडीने बोईसरवरून वळसा घालू या, असे त्यांनी सुचवले.

“थांबा की भाऊजी. पाणी येईल.”

“कधी?”

शेजारी रिकामी टोपली पालथी घालून बसलेल्या म्हातारीने उत्तर दिले. साखरबाई तिचे नाव. सातपाटीला मासळी विकून मुरब्याला परत निघाली होती. “काल चतुर्थी झाली, आज पंचमी. तिथीची पाऊनपट कर. पाच पाऊने पावनेचार. पावनेचारला भरपूर भरती. त्याच्या सा तास आदी पार सुकती, म्हंजे आता. होडी बारा वाजता तरंगल.”

“दर पंचमीला असंच?”

“मग काय. चंद्र काय तुज्यासारका पेन्शनीत निगालाय?”

प्रेमलाबाईंना हसू आले. कृष्णकांतांनी विषय बदलत धर्मेशची बोट कोणती ते विचारले. साखरबाईने पलीकडे बोट दाखवले. निळी, नव्या रंगाची, बाकीच्यांसारखीच कुशीवर पडलेली. “ती तिची जागा. धर्मेशच्या बापसाच्या टायमापासून तितंच बांधतात.”

पावणेबाराला त्यांना होडी मिळाली.

धर्मेश ओटीवर बसला होता, एक पाय स्टुलावर आणि गुडघ्यावर मासळीच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. जानेवारीतल्या शेवटच्या सामन्यात पाय मुरगळला, त्याने सांगितले. शेठनी बोईसरला नेऊन तपासणी केली, बिलही त्यांनीच भरले. रिपोर्ट त्यांच्याकडेच आहे. सहा आठवड्यांत बरे होईल म्हणाले.

“तू पाहिलास रिपोर्ट?”

“मी पाहून काय कलनार, मावशी?”

चिठ्ठीबद्दल त्याचे म्हणणे बायकोसारखेच होते. सही माझी, चिठ्ठी माझी नाही. कबड्डीत सह्या फार असतात, असेही तो म्हणाला. किट घेतले सही, बस लागली सही. संघाचा व्यवस्थापक चिराग कागद पुढे करतो, सगळे जण सही करतात.

“दहा ऑक्टोबरला भावेशशेठ इकडे आले होते?”

आले होते, हेमांगीने आतून सांगितले. सकाळी नऊला, पेढे घेऊन. ह्याच ओटीवर बसले. चहा आणि दोन केळी घेतली आणि साडेनऊला गेले. बोटीचे जुने इंजिन काढायचे होते म्हणून ती बंदरातच होती. शेठनी ती इथूनच पाहिली.

“बोटीवर गेले नाहीत?”

“पांढरी प्यांट होती त्यांची,” हेमांगी म्हणाली. एवढ्याने उत्तर झाले असे तिला वाटले असावे.

उठताना प्रेमलाबाईंनी अगदी सहज विचारले, “धर्मेश, खरं सांग. बेचाळिसाव्या वर्षी खेळशील?”

तो विचार करून बोलला. “माजा बापूस साठीला सुकानूवर होता. जाली खेचवत नव्हती तेव्हा सुकानू धरला. चढाई नाय जमली तर कोपरा धरीन, पकड करीन. पन उतरनार नाय. सही केलीय ना.”

“हा प्रामाणिक असेल किंवा फार मोठा नट,” परतताना कृष्णकांत म्हणाले. “माझं मत नट.” आपले म्हणणेही त्यांनी मांडले. बारा लाख घेऊन बोट सजवली, पाय गेला, आता पुढच्या वर्षांचे ओझे नको, म्हणून त्याने आधीच सुटकेची चिठ्ठी लिहून ठेवली असणार. प्रेमलाबाईंनी विचारले, की ज्या चिठ्ठीने स्वतःची बोट विकावी लागते तिला सुटका कसे म्हणायचे. त्यावर कृष्णकांतांनी गिअर बदलला.

संघाचा व्यवस्थापक चिराग दोशी सालवडला भेटला. कामगारांच्या चाळींच्या मागे एक गाळा, त्यात चटया, वजने आणि एक लोखंडी कपाट. चिराग सातपाटीचाच, वडिलांचा तिथे बर्फाचा कारखाना. बोटींना बर्फ पुरवत तो लहानाचा मोठा झाला. बोलताना तो वारंवार घाम पुसत होता. करार त्यानेच जुळवून दिला होता आणि धर्मेशला जे मिळेल त्याचे पाच टक्के त्याचे होते.

“करार गेला तर मी पण गेलो, मावशी,” तो म्हणाला. “घेतलेले साठ हजार परत करायला लागतील.”

सह्यांविषयी विचारले तेव्हा तो जरा घुटमळला. मग त्याने कपाट उघडून एक फाईल काढली. प्रत्येक खेळाडूच्या कोऱ्या कागदावरच्या पाच सह्या. प्रवासाची परवानगी, विमा, मैदानाचा अर्ज, काहीही लागले की वर मजकूर छापायचा आणि द्यायचा. कारखान्यात कामगार भरती होतानाही असेच करतात, त्यात विशेष काही नाही, असे तो म्हणाला. विशेष नाही म्हणताना त्याने पुन्हा घाम पुसला.

सह्या सगळ्यांच्याच खालच्या उजव्या कोपऱ्यात होत्या, आणि सगळ्याच तिरक्या.

“हे काय, तुमच्या संघात सरळ हाताचा कोणी नाही?” कृष्णकांतांनी विचारले.

“बसमध्ये घेतल्या ना. मांडीवर कागद ठेवून. मीच सांगितलं, खाली कोपऱ्यात करा, वर जागा सोडा.”

“अजून एकही वापरला नाहीस?”

“नाही, यंदा गरज नाही पडली.”

प्रेमलाबाईंनी कागद बोटाला थुंकी न लावता मोजले. दप्तर तपासण्याची ती त्यांची जुनी शिस्त. बारा खेळाडूंपैकी अकरा जणांचे पाच-पाच कागद होते. धर्मेशचे चार.

चिरागने पुन्हा मोजले. चारच. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक आपली, एक शेठची, असे त्याने विचारण्याआधीच सांगितले, आणि मग सांगितल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी फाईल मिटली.

गाडीत बसताच कृष्णकांतांनी निकाल दिला. चोर घामातच दिसतो.

“पाच टक्के मिळवणारा माणूस शंभर टक्के बुडवायला का जाईल?” प्रेमलाबाई म्हणाल्या. “मनोरला घ्या.”

महामार्गाच्या कडेला महादू भोईरांचे हॉटेल होते आणि मागच्या अंगणात ‘मनोर मावळे’ सराव करत होते. महादूंनी त्यांना भजी खायला घातली आणि आडपडदा न ठेवता बोलले. होय, तक्रार मी केली. होय, तो करार म्हणजे शुद्ध थट्टा आहे, मलाही तसाच करायचा होता पण मला सुचला नाही. चिठ्ठी मात्र मी पाठवली नाही.

“का नाही? जिंकलाच असतात.”

“काय जिंकलो असतो, बाई? मला धर्मेश पाहिजे. नुसता करार रद्द झाला असता तर उद्या सकाळी मी पिशवी घेऊन मुरब्याला गेलो असतो. ह्या चिठ्ठीनं पोरगा दोन वर्षं बाद. मी काय त्याला हॉटेलात भांडी घासायला ठेवू?” त्यांनी आणखी एक भजे तोंडात टाकले. “तसा फिट माणूस ह्या जिल्ह्यात दुसरा नाही.”

गुडघ्याचा विषय प्रेमलाबाईंनी काढला नाही. महादूंनीही काढला नाही.

भावेशशेठनी त्यांना शनिवारी दुपारी कारखान्यात वेळ दिली. वसाहतीतल्या हवेला नेहमीचा आंबूस वास होता, पण शेठच्या खोलीत उदबत्ती होती. मऊ आवाजाचा, पांढऱ्या कपड्यांतला माणूस. प्रेमलाबाईंनी चिठ्ठी पुढे ठेवली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हवे छुपावीने शूं करूं, बेन,” आता लपवून काय करू अशा सुरात ते म्हणाले आणि मग स्वच्छ मराठीत आले. “चिठ्ठी खरी आहे.”

कृष्णकांतांनी चहा खाली ठेवला.

शेठनी सगळे कबूल केले. धर्मेशनेच आग्रह धरला, शेवटची वर्षे नकोत म्हणाला. मी चुकलो, मान्य केले. चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात होती, तिथून कोणी पळवली देव जाणे, मनोरवाल्यांचे हात लांब आहेत. आता दंड भरीन. संघाची बदनामी होईल ती सोसेन.

“सही कुठे झाली?”

“त्याच्या बोटीवर. दहा तारखेला सकाळी नऊला मी मुरब्याला गेलो होतो, गावाने पाहिलंय. मला चांगली आठवण आहे, संकष्टी होती, मी फक्त केळी खाल्ली. घरात बायका होत्या, म्हणून तो म्हणाला चला बोटीवर. बोटीच्या टपाखालच्या खोलीत बसलो दोघे.”

“सही अशी तिरकी आणि खाली का?”

“बोट हलत होती ना, बेन. पाणी असं लागत होतं की मला तर मळमळलं. कागद एकीकडे, पेन एकीकडे.”

प्रेमलाबाईंनी मान डोलावली. धर्मेशच्या पायाचे त्यांनी विचारले. किरकोळ लचक, शेठ म्हणाले. संघाच्या पुढच्या हंगामाचे विचारले. बघू, धंदा सध्या मंदीत आहे, शेठ म्हणाले. धर्मेशला पुढचे बारा लाख कधी द्यायचे होते, हेही विचारले. एक एप्रिलला. हे उत्तर मात्र त्यांनी आठवत न बसता दिले.

बाहेर आल्यावर कृष्णकांत प्रथमच खिन्न दिसले. धर्मेश त्यांना आवडला होता. “संपलं, वहिनी. दुसऱ्यावर आळ घेणारा खोटं बोलू शकतो. पण स्वतःच्या अंगावर ओढून घेणारा कशाला बोलेल?”

“किती ओढून घेतलंय अंगावर, ते बघायला नको का?” त्या म्हणाल्या, आणि हेमांगीला फोन लावला. बोईसरच्या तपासणी केंद्रात धर्मेशला घेऊन जा, त्याच्या रिपोर्टची दुसरी प्रत माग, पेशंटला ती द्यावीच लागते, एवढेच त्यांनी सांगितले.

सोमवारी लीगच्या बोईसरच्या कार्यालयात टेबलाच्या एका बाजूला तीन सदस्य बसले, मध्ये अध्यक्ष सुलू वर्तक. तीस वर्षे शाळेत मुख्याध्यापक होत्या आणि अजूनही समोरचा माणूस उभाच राहील अशा नजरेने पाहत. दुसऱ्या बाजूला भावेशशेठ, चिराग, महादू आणि तामोरे नवरा-बायको. धर्मेशने पाय लांब केला होता. हेमांगीच्या मांडीवर मोठे पाकीट होते आणि ती ते दोन्ही हातांनी दाबून बसली होती.

सुलूताईंनी चिठ्ठी वाचून दाखवली. भावेशशेठनी शनिवारची हकिगत शब्दशः पुन्हा सांगितली, केळ्यांसकट. लिहून घेतलेल्या जबानीवर सहीही केली. मग प्रेमलाबाईंना बोलायला सांगितले.

“सही खरी आहे,” त्या म्हणाल्या. “तिथून सुरुवात करू.”

धर्मेश खाली पाहू लागला.

“या चिठ्ठीत मजकूर थोडा आणि कागद मोठा. सहा ओळी ताणून ताणून खाली सहीपर्यंत आणल्या आहेत. माणूस मजकुराखाली सही करतो. इथे मजकूर सहीच्या वर बसवला आहे. म्हणजे सही आधी झाली. चिराग, फाईल दाखव.”

चिरागने फाईल उघडली. धर्मेशचे चार कोरे कागद टेबलावर मांडले गेले. चारही सह्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, चारही तशाच तिरक्या. चिठ्ठी त्यांच्या शेजारी ठेवली तेव्हा पाच भावंडे एकत्र आल्यासारखी दिसली.

“प्रत्येकाचे पाच, धर्मेशचे चार. पाचवा हा. किल्ल्या दोघांकडे. मनोरच्या लांब हातांना किल्ली नाही. शिवाय बाद झालेला खेळाडू त्यांच्या उपयोगाचा नाही.”

महादूंनी हात जोडले.

“राहिले दोघे. चिराग सातपाटीच्या बंदरावर वाढला. त्याने ही गोष्ट रचली असती, तर सही ओटीवर झाली असती, देवळात झाली असती. सकाळी नऊला बोटीवर त्याने ती कधीच केली नसती. शेठ म्हणतात, दहा ऑक्टोबरला संकष्टी होती. मी दिनदर्शिका पाहिली, खरंच होती. संकष्टी म्हणजे चतुर्थी. सुलूताई, तुम्ही माहीमच्या. चतुर्थीला भरती कधी?”

“चार पाऊणे तीन,” सुलूताई उत्तरल्या. मग त्यांनी चष्मा काढला. “आणि ओहोटी नऊला.”

“बरोबर नऊला. शुक्रवारी पंचमी होती. पावणेदहाला आम्ही दोघांनी तीच बोट त्याच जागी पाहिली. कुशीवर पडली होती, तिथल्या बोटींखालून कुत्रं फिरत होतं. चतुर्थीला हेच दृश्य पाऊण तास आधी. या बोटीत सकाळी नऊला चढायचं तर गुडघाभर चिखल तुडवावा लागतो, आणि चढल्यावर ती दगडासारखी स्थिर असते. तिथं शेठना पाणी लागलं, बोट हलली आणि मळमळलंही. त्या दिवशी पांढरी पँट मात्र पांढरीच राहिली. मुरब्याला मोटारीने जाऊन ओटीवरून बोट पाहणाऱ्याला बोट म्हणजे हलणारी वस्तू, एवढंच ठाऊक असतं. तिरक्या सहीला कारण हवं होतं. खरं कारण बसचं होतं, ते सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बोट हलवली.”

भावेशशेठ उदबत्तीकडे पाहावे तसे समोर पाहत होते.

“पण त्यांनी हे का करावं?” सुलूताईंनी विचारले. “दंड तर त्यांनाही आहे.”

“एक लाख,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “हेमांगी, पाकीट.”

पाकिटात रिपोर्टची दुसरी प्रत होती. सुलूताईंनी ती वाचली आणि धर्मेशकडे पाहिले. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला होता. शस्त्रक्रिया हवी, आणि निदान एक वर्ष मैदानाबाहेर.

धर्मेशने हात पुढे केला आणि रिपोर्ट स्वतः पाहिला. कळले नाही तरी बराच वेळ पाहत राहिला.

“तीन आठवडे हा कागद शेठच्या खणात आहे,” प्रेमलाबाई पुढे म्हणाल्या. “पुढचं वर्ष खेळू न शकणाऱ्या माणसाला एक एप्रिलला बारा लाख द्यायचे, पुढच्या एप्रिलला पुन्हा बारा. स्वतः करार मोडला तर तीस लाख एकदम. पण लीगनेच गुपचूप समझोत्यावरून करार रद्द केला, तर एक लाख दंड जातो, दिलेले बारा परत येतात आणि पुढचे तीस वाचतात. भाऊजी, तुम्ही विचारलंत, स्वतःच्या अंगावर कोण ओढून घेईल. एकेचाळीस लाखांचा नफा असेल तर एक लाख कोणीही ओढून घेतं.”

भावेशशेठ पहिल्यांदाच हलले. “चिठ्ठी जाऊ दे, बेन,” ते हळूच म्हणाले. “तोंडी ठरलं होतं.”

“तोंडी ठरलं असतं तर कुठंतरी ठरलं असतं,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “ती जागा तुम्ही सांगितली असती. खरा प्रसंग हाताशी असणारा माणूस कोरड्यावर बोट हलवत नाही.”

शेठनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

सुलूताईंनी दोन्ही सदस्यांशी कुजबुज केली. मग त्या म्हणाल्या, की चिठ्ठी बनावट हे तर दिसतेच आहे, तिचे काय करायचे ते पोलीस ठरवतील. पण महादूंची मूळ तक्रार उरते. शेवटची अकरा वर्षे खरी, की दाखवायची?

“त्याचा पुरावा शेठनीच आणून दिला आहे,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “आतून काही ठरलेलं असतं, तर त्याचा एखादा खरा कागद नाही तर एखादी खरी आठवण शेठकडे असती. दोन्ही नव्हतं. खरी चिठ्ठी असती तर खोटी लिहावी लागली नसती.”

महादूंनी थोडा वेळ हिशेब केला. “माझी तक्रार मागे,” ते म्हणाले. “पण पुढच्या हंगामाला हा सरासरीचा नियम बदला. नाहीतर मी साठ वर्षांचा करार करीन.”

करार कायम राहिला. शस्त्रक्रियेचा खर्च संघाकडे, आणि एक एप्रिलची रक्कम भावेशशेठनी त्याआधी लीगकडे जमा करायची, असे लिहून झाले. सह्या झाल्या तेव्हा चिरागने कागद टेबलावर सपाट ठेवला आणि मजकूर वाचून दाखवल्याशिवाय पेन पुढे केले नाही.

जिन्यावर धर्मेश एकेक पायरी धरून उतरत होता. कृष्णकांतांनी खांदा दिला.

“एक वर्ष गेलं,” ते म्हणाले.

“तेरा हायत अजून,” धर्मेश म्हणाला.

खाली हेमांगीने फी विचारली. प्रेमलाबाईंनी आकडा सांगितला. हेमांगीने तो ऐकला, बोटांवर काहीतरी मोजले आणि मान हलवली.

“एवडे एकदम नाय जमायचे, मावशी. अर्दे आता देते. बाकीचा करार करू या, चौदा वर्सांचा. पयली तीन वर्सं पापलेट.”

“आणि नंतर?” कृष्णकांतांनी घाईने विचारले.

“नंतर बोंबील.”

प्रेमलाबाईंनी कृष्णकांतांकडे पाहिले. ते मनातल्या मनात बेरीज करून चौदाने भागत होते. सरासरी बरी निघाली असावी, कारण त्यांनी होकार दिला.